मिलची थकबाकी आणि बहिणीचा वाटा : इंदूरमधील एका ख्रिस्ती घराचे प्रकरण

सार्वकालिक गोष्टींना पहिले स्थान देऊन जगायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायांत, बहुधा उपदेशाच्या वेळी निघतो आणि उपदेशाबरोबरच संपतो. इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात तो साडेचार लाख रुपयांच्या वाटणीच्या रूपाने आला आणि मग तो कोणालाच टाळता येईना. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक म्हणून मी या प्रकरणातील बैठकींना हजर होतो. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडत आहे. नावे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून रक्कम पूर्ण आकड्यात धरली आहे.

घर आणि पैसा

कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा गिरणीच्या कामासाठी इंदूरला आले, वडील हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात लागले आणि परदेशीपुऱ्याच्या बाजूला त्यांनी दोन खोल्यांचे घर उभे केले. इंदूरमधील प्रोटेस्टंट मंडळीची मुळे १८७७ साली आलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनपर्यंत जातात. चर्चमधली उपासना हिंदीत चालते, त्यामुळे नगरकडून आलेल्या घरांत मराठी पवित्र शास्त्र आणि नारायण वामन टिळकांची पदे संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेपुरती राहिली. या घरात वडिलांच्या पश्चात ती प्रार्थना थोरला मुलगा चालवू लागला आणि शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकारही हळूहळू त्याच्याकडेच गेला. पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे लागते.

मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि पुढे अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेली. कामगारांची थकबाकी तीन दशके न्यायालयात अडकून राहिली. दरम्यान वडिलांनी रात्रपाळीची चौकीदारी केली, आईंनी घरोघरी पोळ्या लाटल्या, आणि २०११ मध्ये वडील मृत्युपत्र न करता वारले. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४८०० कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम सुपूर्द करण्यात आली. सरासरी काढली तर माणशी साडेचार लाखांच्या थोडी वर. बातमी नेमकी नाताळच्या दिवशी आली, म्हणून या घराने ती प्रार्थनेचे उत्तर मानून स्वीकारली, आणि तसे मानण्यात काही वावगे नव्हते. मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे, बँकेचे खाते यांची जुळवाजुळव झाल्यावर यथावकाश वडिलांच्या वाट्याचे साडेचार लाख आईंच्या खात्यात जमा झाले.

मुले तीन. थोरला एका खासगी शाळेत लिपिक, आमच्या रविवारच्या शाळेचा प्रमुख, पगार झाला की आधी चर्चसाठी दशांश बाजूला काढणारा. त्याच्या विश्वासाच्या खरेपणाविषयी मला कधी शंका आली नाही आणि आजही नाही. मधली बहीण देवासला राहते; पती निवर्तल्यापासून ती शाळेचे गणवेश व ब्लाउज शिवून घर चालवते आणि तिची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. धाकटा पुण्याला एका गोदामात कामाला असून त्याचे चर्चला येणे केव्हाच सुटले आहे. आई थोरल्याजवळ, त्याच जुन्या घरात राहतात.

थोरल्याची योजना अशी होती की सगळी रक्कम चर्चच्या छपरासाठी वडिलांच्या स्मरणार्थ अर्पण करावी. छप्पर खरोखरच गळत होते आणि मंडळीत त्यासाठी निधी गोळा करणे चालू होते. शेवटच्या आजारात वडील म्हणाले होते, “मिलचे पैसे आले तर देवळाला द्या.” हे शब्द आईंनीही ऐकले होते. तेव्हा योजना हवेतून आलेली नव्हती आणि तिच्यामागे स्वार्थही नव्हता. थोरल्याला स्वतःसाठी एक रुपयाही नको होता. हे प्रकरण अवघड झाले ते यामुळेच. लोभी भाऊ आणि सोशिक बहीण असा सरळ मामला असता तर तो आम्ही एका बैठकीत उरकला असता.

कागद

बहीण आईला भेटायला आली त्या दिवशी थोरल्याने मुद्रांकावर टाइप केलेले हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवले. तो कागद मी नंतर पाहिला. दोन पानी मजकूर होता. त्यात ती वडिलांच्या मागे राहिलेल्या “सर्व चल व अचल मिळकतीवरील” हक्क राजीखुशीने सोडत असल्याचे हिंदीत लिहिले होते, आणि सही करायच्या प्रत्येक जागी पेन्सिलने बारीक फुली मारलेली होती. म्हणजे मिलच्या पैशांबरोबर घरावरचा हक्कही त्याच सहीने जाणार होता. मजकूर अर्जनवीसाने नेहमीच्या साच्यातला घातला, आपण तो नीट वाचला नाही, असे थोरल्याने पुढे सांगितले, आणि मी ते खरे धरतो. मात्र ज्या कागदावर दुसऱ्याची सही घ्यायची तो स्वतः नीट वाचणे हेही विश्वासूपणातच मोडते, असे मला वाटते.

बहिणीने सही केली नाही आणि नकारही दिला नाही. तेव्हा थोरल्याने तिला वचने दाखवली. जो तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला अंगरखाही घेऊ दे, हे डोंगरावरील प्रवचनातले. वतनाचा वाटा मागायला आलेल्या माणसाला प्रभूने लोभापासून जपून राहायला सांगितले, हे लूकच्या बाराव्या अध्यायातले. आणि भावाभावांनी न्यायालयात जाण्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले. धाकट्याला हे फोनवरून कळले तेव्हा त्याने वकिलाकडून नोटीस पाठवण्याची भाषा केली, आणि थोरल्याला वाटले की आपली शंका खरी ठरली. ज्याने प्रभूला सोडले तो पैशासाठी भांडतो आहे.

दोन दिवसांनी बहीण पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मोपदेशकांच्या, घरी आली. मी तेथे होतो. तिने विचारले, “पाळकसाहेब, मी माझा वाटा मागितला तर माझा विश्वास कमी आहे असं ठरतं का? तसं असेल तर मी सही करून टाकते. पण मग मुलीच्या फीसाठी कोणापुढे हात पसरू, तेवढं सांगा.”

तिला ताबडतोब उत्तर देण्याचा मोह पाळकांनी आवरला. त्यांनी दोन गोष्टी केल्या: कागदावर सही करू नये एवढे तिला स्पष्ट सांगितले, आणि तिघाही भावंडांना व आईंना मंडळीच्या वडीलजनांपुढे येण्याची विनंती केली. धाकट्याने सुटी काढून यायचे कबूल केले.

कायदा काय सांगतो

बैठकीपूर्वी आम्ही मंडळीतल्या एका निवृत्त वकिलांकडून कायदा समजून घेतला, कारण कोणाचे काय आहे हे ठाऊक नसताना कोणी काय सोडावे हे बोलण्यात अर्थ नसतो. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. विधवा आणि मुले मागे असतील तर एक तृतीयांश विधवेचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. म्हणजे साडेचार लाखांपैकी दीड लाख आईंचे आणि तिन्ही मुलांचे एकेक लाख. पैसे आईंच्या खात्यात आले म्हणून ते सगळे आईंचे होत नाहीत, आणि थोरल्याच्या तर नाहीतच.

“तिला लग्नात दिलेच होते” हे वाक्य या घरात आईंच्या तोंडून आले. आपल्या समाजात ते घरोघरी ऐकू येते. याच अधिनियमाचे ४९वे कलम सांगते की मृत्युपत्र नसेल तर बापाने हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिले ते वाटणीच्या हिशेबात धरायचे नाही. लग्नात दिलेली भांडी आणि सोन्याच्या बांगड्या वारशातून वजा होत नाहीत. त्रावणकोरच्या सिरियन ख्रिस्ती मुलींना जुन्या कायद्याने भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल तेवढेच मिळे; मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांनाही १९२५ चाच अधिनियम लागू असल्याचे ठरवले. मध्य भारतातल्या आपल्या मुलींना कायद्याने समान वाटा त्याआधीपासून होता. तो प्रत्यक्ष हातात किती जणींच्या पडला, हे प्रत्येक मंडळीने आपापल्या घरांकडे पाहून सांगावे.

राहिला वडिलांच्या तोंडी इच्छेचा प्रश्न. सामान्य माणसाच्या मृत्युपत्राला लेखी मजकूर, सही आणि दोन साक्षीदार लागतात. तोंडी मृत्युपत्राची सवलत मोहिमेवरचे सैनिक आणि खलाशी अशा थोड्यांनाच आहे. वडिलांना चर्चला सगळे द्यायचे असते तर तसे लिहून ठेवता आले असते. जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्राने धर्मादाय देणगी देण्यावर याच अधिनियमाच्या ११८व्या कलमाचे जे जाचक निर्बंध होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका ख्रिस्ती धर्मगुरूच्याच याचिकेवर रद्द केले. वडील वारले ते त्यानंतर आठ वर्षांनी. तरीही त्यांचे शब्द आम्ही कायद्यात बसत नाहीत म्हणून बाजूला टाकले नाहीत. मरणाऱ्या बापाची इच्छा मुलांवर ओझे ठेवून जाते आणि ठेवावे. पण ते ओझे ज्याने त्याने आपल्या वाट्यातून उचलायचे असते.

मंडळीपुढे

बैठक पाळकांच्या घरी झाली. वडीलजनांखेरीज महिला संगतीच्या एक ज्येष्ठ भगिनी आम्ही मुद्दाम बोलावल्या होत्या, कारण पाच पुरुषांपुढे एकट्या स्त्रीने आपला वाटा मागायचा ही मांडणीच मुळात न्याय्य नव्हती. चर्चेआधी पाळकांनी एक गोष्ट उघड सांगितली, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. ते म्हणाले, “हे पैसे आपल्या छपराला मिळणार आहेत. म्हणजे मंडळी या वादात स्वतः लाभार्थी आहे. हा वाद मिटून सगळ्यांनी आपापला वाटा हातात घेतल्याशिवाय या रकमेतला एक पैसाही चर्च स्वीकारणार नाही, हे खजिनदारांनी लिहून घ्यावे.” खजिनदारांनी ते इतिवृत्तात लिहिले. त्यानंतर खोलीतले बोलणे मोकळे झाले.

मग वचने उघडली गेली, आणि थोरल्याने दाखवली होती तीच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की अन्याय सोसणे बरे. हे सातव्या वचनात आहे. पण पाचव्या वचनात तो विचारतो की भावाभावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यामध्ये नाही काय, आणि आठव्या वचनात सांगतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. सातवे वचन प्रत्येकाने स्वतःला वाचून दाखवायचे आहे. ज्याचे काही जाणार आहे त्याने ते वाचले तर तो त्याग होतो. ज्याच्या हातात कागद आणि पेन आहे त्याने ते दुसऱ्याला वाचून दाखवले तर आठवे वचन त्याच्यावर येते. आणि न्यायालय टाळा असे सांगणाऱ्या मंडळीने पाचव्या वचनाप्रमाणे स्वतः निवाडा करायला बसले पाहिजे, नाहीतर तिचा उपदेश दुबळ्याचे तोंड बंद करण्यापुरताच उरतो.

लूकचा बारावा अध्याय धाकट्याने स्वतःहून काढला, याचे मला समाधान वाटले. त्यातला मूर्ख धनवान कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. धाकटा थोरल्याकडे पाहून म्हणाला, “दादा, हा दाखला मला लागू कर, मी ऐकतो. माझ्या डोक्यात हप्त्यावरची गाडी आहे. पण ताईचं कोठार कुठंय?” थोरल्याने त्यावर काही उत्तर दिले नाही.

पाळकांनी आणखी तीन स्थळे वाचली. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू अशा लोकांना दोष देतो, जे आईबापांच्या उपयोगी पडायचे ते देवाला कुर्बान केले असे सांगून हात मोकळे करून घेतात. देवाला द्यायचे म्हणून घरच्यांचे थांबवायचे, ही युक्ती त्याच्या वेळीही जुनी होती. दुसऱ्या शमुवेलाच्या शेवटच्या अध्यायात अरवना यबूसी आपले खळे आणि बैल दाविदाला फुकट देऊ करतो, आणि दावीद म्हणतो की ज्याला मला काही खर्च पडला नाही असे होमार्पण मी परमेश्वराला करणार नाही. आणि गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक व सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात आपला वाटा मागतात. मोशे त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर सांगतो की त्या ठीक बोलतात. त्यांना लोभी कोणी म्हटले नाही. ही गोष्ट आमच्यातल्या अनेकांनी वाचलेली होती, तरी त्या दिवशी ती ज्येष्ठ भगिनींनी पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि मधली बहीण पदर डोळ्यांना लावून ऐकत होती.

माझे मत मी तेथे मांडले ते असे. स्वर्गातली संपत्ती महत्त्वाची मानणारा माणूस पृथ्वीवरच्या पैशाचा हिशेब सैल ठेवत नाही. तो आपल्या वाट्याबाबत सैल आणि दुसऱ्याच्या वाट्याबाबत कडक असतो. थोरल्याने आपला लाख रुपयांचा वाटा सगळा दिला असता तर ते दान सार्वकालिक मोलाचे होते, आणि कोणाला विचारायचीही गरज नव्हती. बहिणीचा वाटा देण्याचा निर्णय त्याने केला तेव्हा ते दान त्याचे राहिले नाही, आणि तिचेही झाले नाही. तिच्या बाबतीत प्रभूने पहिल्याने काय मागितले, हे शोधायचे तर याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचरण कशाला म्हटले आहे ते पाहावे: अनाथ व विधवा यांचा संकटात समाचार घेणे. या घरात विधवा दोन होत्या, आणि वाटणीच्या कागदात त्यांच्यापैकी एकीचीही सोय नव्हती.

काय ठरले

आधी आईंचे पाहिले गेले. त्यांचे दीड लाख त्यांच्याच खात्यात राहावेत, त्यातून औषधपाणी व्हावे, आणि त्यांतून चर्चला काही द्यायचे की नाही हे त्यांनी एकटीने ठरवावे. तिन्ही मुलांचे एकेक लाख ज्याच्या त्याच्या खात्यात आठवड्याभरात वळते करावेत. घराची वाटणी आईंच्या हयातीत करू नये, मात्र त्यावर कोणाचा किती हक्क आहे हे साध्या कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. हक्कसोडपत्र थोरल्याने स्वतः फाडले. ते फाडायला आम्ही कोणी सांगितले नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. थोरल्याने आपला पूर्ण लाख छपराला दिला, पण तो बरेच दिवस दुखावलेला राहिला. मंडळीसमोर आपल्या भक्तीला स्वार्थाच्या रांगेत उभे केले गेले असे त्याला वाटले, आणि काही महिने त्याने रविवारची शाळा दुसऱ्यावर सोपवली. पाळक दर आठवड्याला त्याच्याकडे जात राहिले, आणि पुढे तो परत आला. वडिलांच्या नावाची पाटी लावण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. धाकट्याने गाडी घेतली. तो चर्चला येऊ लागला असे नाही, पण बहिणीला फोन करतो, आणि घराचा वाटा आताच मिळावा हा आग्रह अजून त्याने सोडलेला नाही. त्यावर आम्ही त्याला एवढेच कळवले की हक्क त्याचा आहे, आणि आई त्या घरात आहेत तोवर थांबावे अशी मंडळीची विनंती आहे. बहिणीने लाखातून मुलीची वर्षाची फी भरली आणि एक जुने मशीन काढून नवे पिको मशीन घेतले. तिने चर्चला काही दिले का, हे एका सभासदाने खजिनदारांना विचारले तेव्हा उजव्या हाताचे डाव्याला कळू नये एवढेच उत्तर त्याला मिळाले, आणि ते योग्यच होते.

मंडळीने यातून एक नियम केला. वारशाने आलेल्या पैशांतून स्मरणार्थ देणगी येणार असेल तर इतर वारसांशी, विशेषतः विवाहित मुलींशी आणि विधवांशी, पाळकांनी किंवा महिला संगतीच्या प्रतिनिधींनी एकांतात बोलावे आणि त्यांचा वाटा त्यांना मिळाल्याची खात्री करूनच देणगी घ्यावी. यामुळे एका मोठ्या देणगीला उशीर लागला आणि काहींची नाराजीही झाली. छपराचे अर्धे काम झाले आहे. वेदीकडचा भाग अजून पावसाळ्यात गळतो.

पुढच्या उन्हाळ्यात आईंनी निवृत्त वकिलांना घरी बोलावले आणि घरातल्या व खात्यातल्या आपल्या एक तृतीयांश वाट्याचे मृत्युपत्र सांगून लिहून घेतले. साक्षीदार म्हणून त्यांनी आळीतले दोन शेजारी घेतले, कारण साक्षीदाराला मृत्युपत्राने दिलेले दान रद्द ठरते हे वकिलांनी त्यांना समजावले होते. थोरल्याने त्यांना रिक्षाने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन ते नोंदवून आणले. त्यात कोणाला काय दिले आहे हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही, आणि चर्चचे नाव त्यात आहे का, हे आम्ही विचारलेले नाही.